रस्त्याकडेला माजणारा टाकळा कुंडीत का रुसतो?

जून संपता संपता कोकणातल्या कुठल्याही गावात उतरा. एसटी थांब्याच्या मागे, शाळेच्या कुंपणाला, कुलूप लागलेल्या घराच्या अंगणात एकच झाड दाटीवाटीने उभं असतं: टाकळा. त्याला कुणी पेरलेलं नसतं, खत दिलेलं नसतं. आता त्याच झाडाची बी घरी आणा, कुंडीत मऊ माती भरा, गांडूळखत घाला, बी पेरा आणि रोज पाणी शिंपडा. पंधरा दिवस गेले तरी कुंडी ढिम्म.

माझं असंच झालं. आत्याने गावाहून कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं होतं. मी मोजून ४० दाणे पेरले, उगवले ३. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, टाकळा कोण पेरतं काय? तो आपला आपण येतो." शास्त्राच्या दृष्टीनेही ती फारशी चुकली नव्हती, पण हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

हल्ली पावसाळा लागला की ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात, मोबाइलवर टाकळ्याच्या भाजीच्या चित्रफिती फिरतात आणि ऑनलाइन बियांची पाकिटंही मिळतात. मागोमाग तक्रारी येतात: बी जुनं निघालं, बी खोटं निघालं. बहुतेक वेळा बी अस्सल असतं आणि जिवंतही असतं. ते उगवत का नाही, हे नीट कळलं की टाकळाच काय, कितीतरी हट्टी बिया मार्गी लावता येतात.

आधी ओळख पटवू

टाकळा म्हणजे विदर्भातला तरोटा आणि गोव्यातला तायकिळो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात. शास्त्रीय नाव सेना टोरा. जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा सापडेल. बहावा आणि पोट साफ करणारी सोनामुखी ही त्याची भावकी. हा नातेसंबंध लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

झाड गुडघ्याएवढं, माती चांगली असेल तर कमरेएवढं. एका देठावर पानांच्या तीन जोड्या, प्रत्येक पान देठाकडे निमुळतं आणि टोकाला गोलसर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळी फुलं येतात, मग वीतभर लांब, बारीक, किंचित वाकलेल्या शेंगा धरतात. पान चुरगळलं की उग्र वास येतो. शिजवल्यावर तो जातो. संध्याकाळी बघितलंत तर पानं जोडीजोडीने मिटलेली दिसतील. झाड सुकलं असं वाटून पाणी घालायला धावू नका, ते निजलेलं असतं.

मटकीतला गणंग

आता बीकडे वळू. टाकळ्याचा दाणा मेथीदाण्यापेक्षा थोडा मोठा, तपकिरी, कडा तिरक्या कापल्यासारखा आणि चकचकीत. सगळी गोम त्या चकाकीत आहे.

मटकीला मोड आणताना एक अनुभव प्रत्येक घरात येतो. रात्री भिजवलेली मटकी सकाळी टम्म फुगते, पण तळाशी चार-दोन दाणे तसेच राहतात. खड्यासारखे. ना फुगतात, ना शिजतात, दाताखाली आले की कवळी हलते. आपल्याकडे त्यांना गणंग म्हणतात, आणि कामाला न येणाऱ्या माणसालाही. त्या दाण्याला पाणी मिळालं नाही असं नाही, तो रात्रभर पाण्यातच होता. पाणी त्याच्या आत शिरलं नाही, एवढंच.

मटकीत गणंग चार-दोन असतात. टाकळ्यात जवळपास सगळे गणंग.

बी जिवंत असून, पाणी आणि ऊब मिळूनही रुजत नाही, त्या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. तिचे प्रकार बरेच आहेत. काही बियांत आतला अंकुरच कच्चा असतो, काहींत रसायनं त्याला थोपवून धरतात. टाकळ्याचा प्रकार सगळ्यांत सरळ: कवच जलाभेद्य आहे. कवचाच्या एका थरात काठ्यांसारख्या लांबट पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात, काडेपेटीत काड्या उभ्या ठासून भराव्यात तशा. त्यांच्यावर मेणचट लेप. त्यातून पाण्याचा थेंबही आत जात नाही. आतला अंकुर पूर्ण तयार असतो, पाणी पोचलं तर आठवड्यात वर येईल.

गंमत म्हणजे शेंग हिरवी असताना हे कवच असं नसतं. दाणा पिकून कोरडा पडत जातो तसतसं ते घट्ट होतं, आणि ओलावा एका मर्यादेखाली गेला की बंद होतं. म्हणजे आत्याने जे बी निगुतीने वाळवून पुडीत बांधलं, ते वाळवल्यानेच कडेकोट झालं होतं.

मग मूग, हरभरा, तूर यांना हा रोग का नाही? त्यांच्या रानटी पूर्वजांना होता. हजारो वर्षं माणूस पेरत आला, जे दाणे लगेच उगवले त्यांचंच पीक हाती आलं आणि त्यातलंच बियाणं पुढच्या वर्षी पेरलं गेलं. जे मातीत दडी मारून बसले ते आपसूक गळत गेले. कुणी ठरवून केलं नाही, पण पिढ्यान् पिढ्या चाळणी लागत राहिली. वाटीतला गणंग हा त्या रानटी स्वभावाचा उरलेला अंश. टाकळ्याला अशी चाळणी कधी लागली नाही, म्हणून तो अजून रानाच्याच कायद्याने वागतो.

एवढा हट्ट कशाला?

याचं उत्तर कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. मे महिन्यात वळवाची एक दणदणीत सर येते, माती ओली होते, वास सुटतो. त्या भरात सगळं बियाणं पेरून मोकळं झालं आणि पाऊस पुढे तीन आठवडे गायब झाला, तर काय होतं? दुबार पेरणी. ती करायला घरात बियाणं शिल्लक हवं.

टाकळ्याला कर्ज काढून बियाणं आणता येत नाही, म्हणून तो ते मातीतच शिल्लक ठेवतो. एका झाडाच्या बियांपैकी काही यंदा उगवतात, काही पुढल्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. एखादं साल कोरडं गेलं, गुरांनी सगळी रोपं तुडवली, कुणी पूर्ण पट्टा खणून काढला, तरी जमिनीत साठा असतोच. एकाच जागी दरवर्षी उपटूनही टाकळा का संपत नाही, त्याचं कारण हेच.

हा साठा किती टिकतो? टाकळ्याच्या एका दक्षिण अमेरिकी भाऊबंदाची, कॅसिया मल्टिजुगाची, गोष्ट वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. १७७६ साली गोळा केलेलं त्याचं बी पॅरिसच्या संग्रहालयात पडून होतं. १९३४ मध्ये पॉल बेकरेल यांनी त्यातलं काही रुजवून पाहिलं, आणि ते उगवलं. म्हणजे १५८ वर्षांनी. ते बी गोळा झालं तेव्हा पुण्यात पेशवाई होती. तुमच्या पुडीतलं बी दोन वर्षांचं असेल तर त्याला म्हातारं म्हणू नका.

वैशाखाचं ऊन काय करतं?

दार कायमचं बंद राहून चालणार नाही, नाहीतर वंशच बुडेल. म्हणून शेंगवर्गीय कुळातल्या अशा बियांच्या कवचावर, दाणा शेंगेला जिथे जोडलेला असतो त्या नाळेच्या खुणेजवळ, एक कच्चा ठिपका असतो.

प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह आठवा. शिट्टी अडकली, कुकर हाताबाहेर तापला, की सगळ्यांत आधी तो जातो. बाकी झाकण शाबूत राहतं. आणि एकदा उडालेला वॉल्व्ह पुन्हा तसाच बसत नाही, नवाच घालावा लागतो. बीच्या ठिपक्याचं तसंच आहे. उघड्या माळावरची माती वैशाखात दुपारी हात लावू देत नाही आणि पहाटे गार पडते. असे आठवडेच्या आठवडे गेले की त्या ठिपक्यापाशी बारीक भेग पडते आणि पाण्याला वाट मिळते. ही वाट पुन्हा बुजत नाही.

आता हिशोब लागतो. मृगाचा पाऊस येईपर्यंत माळावरच्या काही बिया उन्हाने उघडलेल्या असतात, म्हणून पहिल्या पावसाबरोबर टाकळ्याचा गालिचा उठतो. जमिनीत खोल गेलेल्या, सावलीतल्या बियांना तेवढा चटका बसत नाही, त्या मागे राहतात. रस्त्याकडेला तर उन्हाच्या जोडीला खडी, टायर, जनावरांचे खूर कवच घासायला हजर. माझी कुंडी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, सावलीत, लाडात. बीच्या लेखी वैशाख आलेलाच नव्हता.

घरी वैशाख कसा आणायचा

तीन वाटा आहेत, तिन्ही मी करून पाहिल्यात.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यांत खात्रीची म्हणजे सँडपेपर, आपला पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात पत्रा मिळतो. दोन तुकड्यांच्या मधे बी ठेवून हलक्या हाताने घासायचं. बी जास्त असेल तर एखाद्या डब्याला आतून पेपर लावून, बी टाकून, झाकण लावून खुळखुळ्यासारखा हलवायचा. चकाकी गेली, दाणा निस्तेज दिसायला लागला की थांबायचं. आतला पांढरट-पिवळा भाग दिसेपर्यंत घासलंत तर अंकुराला इजा होते.

दुसरी वाट गरम पाण्याची. पाणी उकळलं की गॅस बंद करा, दोन-चार मिनिटं जाऊ द्या, मग बियांवर ओता आणि भांडं तसंच रात्रभर गार होऊ द्या. बी पाण्यात टाकून उकळायचं नाही. त्याने कवच उघडेल, पण आतला जीवही शिजेल. या रीतीत थोडा जुगार आहे. कधी निम्मे फुगतात, कधी त्याहून कमी.

दहा-वीसच दाणे असतील तर तिसरी: नेलकटरने, नाळेची खूण सोडून उलट बाजूला, कवचाचा अगदी बारीक टवका उडवायचा. डोळे दुखतात, पण वाया काही जात नाही. प्रयोगशाळांत याच कामाला तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरात त्याच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी निकाल समोर असतो. ज्यांच्यात पाणी गेलं ते दुप्पट फुगलेले, हाताला बुळबुळीत. कारण कवचाच्या आत डिंकासारखा पदार्थ आहे, गवारीच्या बियांतल्या डिंकाचा जातभाई. जे गणंग राहिले ते बाजूला काढा आणि पुन्हा घासा. फुगलेले मात्र त्याच दिवशी पेरा. एकदा पाणी प्यालं की परत फिरता येत नाही, ठेवून दिलेत तर कुजतील.

पेरणी सोपी आहे. बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढं खोल, थेट मोठ्या कुंडीत. टाकळ्याचं सोटमूळ सरळ खाली जातं, त्याला उपटून दुसरीकडे लावलेलं आवडत नाही. ऊन भरपूर हवं. उकाड्याच्या दिवसांत चार ते आठ दिवसांत दोन गोलसर बीजपत्रं वर येतात. थंडीत पेरू नका, माती गार असली की फुगलेलं बी नुसतं बसून राहतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. एप्रिलपासून पुढे पाणी देऊन लावता येतो. पावसाची वाट बघायचा नियम रानाचा, कुंडीचा नाही.

एक समजूत इथेच दुरुस्त करतो. शेंगवर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवतात, तेव्हा खताची गरज नाही, असं आपण शाळेत शिकलो. टाकळा कुळाने त्यातलाच असला तरी त्याच्या मुळांवर गाठी होत नाहीत. कुंडीत थोडं शेणखत घातलेलं बरं.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. खुडल्या जागेखालून फांद्या फुटतात आणि पुढचे पाच-सहा आठवडे कोवळा पाला मिळत राहतो. फुलं आली की पानं राठ आणि कडू होतात, तिथे भाजीचा मोसम संपला. आणि पानांवर बारीक पांढरी अंडी किंवा हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच औषध फवारायला जाऊ नका. पिवळी फुलपाखरं, गवतावर उडणारी छोटी आणि फिकट पोपटी-पांढरी मोठी, टाकळ्यावर अंडी घालतात. मी एक झाड त्यांना सोडतो. त्यांना एक कमी पडतं, हे वेगळं सांगायला नको.

"पण हे तर तण!"

शेतकरी वाचक हे म्हणणारच, आणि बरोबरच म्हणतील. टाकळ्याचा सख्खा अमेरिकी भाऊ, सेना ऑब्ट्युसिफोलिया, तिकडच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सोयाबीन आणि कापसातलं डोकेदुखीचं तण आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही या जोडगोळीवर निर्बंध आहेत. परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांना बॅगेतून बी पाठवायचा बेत असेल तर सोडून द्या; अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश वनस्पती-आरोग्याच्या कागदपत्रांशिवाय बी आत येऊ देत नाहीत, आणि इथे त्यांचा नियम अनाठायी नाही.

पण तणाचा हाच दांडगेपणा उपयोगीही पडतो. गाजरगवत आठवा. पुण्यात १९५५ साली नजरेत भरलेलं हे गवत पुढे देशभर पसरलं. त्याच्याशी लढायच्या उपायांत पडीक जमिनीवर, पावसाआधी, टाकळ्यासारख्या झाडांचं बी फेकणं हाही एक आहे. टाकळा दाट येतो, जागा आणि ऊन बळकावतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही. काट्याने काटा काढायचा प्रकार. फरक इतकाच की या काट्याची भाजी होते.

बियांना बाजारही आहे. त्यातला डिंक काढून, शुद्ध करून, खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात. युरोपात त्याला ई ४२७ असा क्रमांक आहे. मांजरा-कुत्र्यांच्या डबाबंद खाण्यातही तो असतो. आंध्र-तेलंगणाकडे निळीने कापड रंगवणारे कारागीर निळीचं पिंप आंबवताना टाकळ्याच्या बिया वापरत आले आहेत.

औषधी म्हणजे किती?

चक्रमर्द या नावातच उपयोग आहे. चक्र म्हणजे त्वचेवर गोल गोल पसरणारं गजकर्ण, त्याला चिरडणारा तो चक्रमर्द. दुसरं नाव दद्रुघ्न, दद्रु म्हणजेही गजकर्णच. बी वाटून लिंबाच्या रसात किंवा ताकात कालवून नायट्यावर लावायची रीत जुनी आहे.

हे नुसतं नावापुरतं नाही. टाकळ्याच्या पानांत आणि बियांत अँथ्राक्विनोन नावाच्या कुटुंबातली रसायनं असतात. ती बुरशीला मारक ठरतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. पोटात गेली की आतड्याला चालना देतात. भावकीतल्या सोनामुखीचं पोट साफ करण्याचं कसब याच रसायनांचं. टाकळ्याची भाजी जास्त खाल्ली तर दुसऱ्या दिवशी सकाळी जे होतं, त्याचं स्पष्टीकरण इथे आहे.

थोडं आडवळण घेतो, कारण गोव्याचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टर गजकर्णावर गोवा पावडर वापरत. गोव्यातून मिळायची म्हणून हे नाव, पण ती मूळची ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेली. तिच्यातलं क्रायसॅरोबिन हे टाकळ्यातल्या रसायनांच्याच नात्यातलं. पुढे १९१६ साली त्याची कृत्रिम नक्कल तयार झाली, ती डिथ्रॅनॉल या नावाने सोरायसिसवर वापरली गेली. हे औषध देताना डॉक्टर आजही बजावतात की निरोगी कातडीला लागू देऊ नका, भाजतं आणि डाग पडतो.

म्हणून माझं मत असं: टाकळा भाजी म्हणून बिनधास्त खा, लेप म्हणून स्वतःच्या मनाने थापू नका. घरी वाटलेल्या बीमध्ये कुठलं रसायन किती उतरलंय हे कुणी मोजलेलं नसतं. शिवाय हल्ली गजकर्ण चिवट झालंय आणि दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी ते आणखी बिघडतं. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. गरोदर बाई, अगदी लहान मूल आणि जुलाब झालेला माणूस, यांच्या ताटात भाजीही बेतानेच वाढावी.

बियांबद्दल एक शब्द. भाजून, दळून कॉफीसारखं पेय करण्याची रीत आपल्याकडे आहे. चीनमध्ये हे बी डोळ्यांसाठी औषध मानतात आणि जपानात भाजलेल्या बियांचा चहा पितात. हे सगळं भाजलेल्या बियांचं, तेही थोडक्यात. कच्चं बी मूठभर चघळायची वस्तू नव्हे. या कुळातल्या काही बिया जास्त खाल्ल्याने गुरांचे स्नायू निकामी झाल्याच्या नोंदी आहेत.

कासविंद्याशी गल्लत नको

हा भाग घाईत वाचू नका. टाकळ्याच्या शेजारीच, तशीच पिवळी फुलं घेऊन कासविंदा उभा असतो. त्याला काही भागांत रानटाकळाच म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरता सरता लहान मुलं एकाएकी आजारी पडत, यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम बिघडत, आणि कितीतरी मुलं दगावली. बरीच वर्षं त्याला मेंदूज्वर समजलं गेलं. २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी माग काढला तेव्हा धागा कासविंद्याच्या शेंगांपर्यंत पोचला. खेळता खेळता मुलं त्या शेंगांतले दाणे खात होती.

ओळख अवघड नाही. टाकळ्याच्या पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल. कासविंद्याच्या साधारण चार ते सहा जोड्या, टोकं अणकुचीदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब दोरीसारखी. कासविंद्याची रुंद आणि चपटी. बाजारातून किंवा ऑनलाइन आणलेलं बी पेरलं असेल तर पहिली पूर्ण पानं आल्यावर हे मोजून घ्या, मगच खुडा. अंगणात लहान मुलं असतील तर टाकळ्याच्याही शेंगा धरू देऊ नयेत, असं मी म्हणेन.

फुकट मिळतो तर पेरायचा कशाला?

ठाणे, वसई, पनवेल स्टेशनांबाहेर पावसाळ्यात भाजीवाल्या बायका टाकळ्याचे वाटे लावून बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या. पहाटे रानात जाऊन, निवडून, गाडीतून आणलेला पाला असतो तो, भाव करत बसू नका. मी घेताना एकीला विचारलं, "मावशी, हा रस्त्यावरचा नाही ना?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रस्त्यावरचा तुमच्या सोसायटीच्या बाहेर आहे की, दादा. तो कशाला विकत घ्याल?"

मुद्दा तोच आहे. सोसायटीबाहेरचा टाकळा गाड्यांच्या धुरात, गटाराच्या पाण्यावर आणि कुत्र्यांच्या कृपेवर वाढतो. शहरात तो खुडून आणू नये. रेल्वे रुळांलगतचा आणि शेताच्या बांधावरचाही विचारल्याशिवाय घेऊ नका, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. जवळ रान नाही, मावशींचा वाटा रोज मिळत नाही, अशा माणसाला चार कुंड्या पुरतात.

भाजी म्हणाल तर कोवळी पानं धुऊन चिरायची, तेलावर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, भिजवलेली चणाडाळ, असल्या तर फणसाच्या आठळ्या, आणि वरून ओलं खोबरं. आठळ्या आधी उकडून घ्या. पानं शिजून मूठभर होतात, तेव्हा टोपलीभर पाला बघून घाबरू नका. चव मेथी आणि शेवग्याच्या पाल्याच्या मधे कुठेतरी. काही घरांत पाला आधी उकडून ते पाणी टाकतात, त्याने कडवटपणा जातो आणि मला वाटतं थोडी मजाही जाते.

बी धरायचं तर

पुढच्या वर्षासाठी एखादं झाड राखलं असेल तर कार्तिकात त्याच्यावर लक्ष ठेवा. शेंगा तपकिरी झाल्या, पण अजून फुटल्या नाहीत, तेव्हाच तोडायच्या. एकेका शेंगेत वीस-पंचवीस दाणे, आणि वाळलेली शेंग आपण होऊन तडकते. एक दिवस उशीर झाला की शेजारच्या सगळ्या कुंड्यांत टाकळा. पुडीवर वर्ष लिहा आणि कोरड्या डब्यात ठेवा.

माझ्या त्या पहिल्या कुंडीत उरलेले ३७ दाणे तसेच होते. ती कुंडी मी नंतर गच्चीवर नेली आणि तिच्यात तोंडलीचा वेल लावला. पहिल्या उन्हाळ्यानंतर वेलाच्या बुडाशी ५ टाकळे आले, त्याच्या पुढल्या वर्षी ९. यंदा जूनमध्ये मोजले, ४. अजून १९ आत आहेत.